रोजच्या जेवणाची वही : कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

काम ठरलं. नणंदेच्या मुलीने पीजी सोडला आणि ऑफिसातल्या दोघींबरोबर कांदिवलीला वन बीएचके भाड्याने घेतला. तिचं म्हणणं सरळ आहे. "मामी, रोजचं लिहून दे. सणाचं नको. पनीर-बिनीर यूट्यूबवर ढीगभर आहे."

अंधेरीला ऑफिस सुटून, बोरिवली लोकलमध्ये शिरून, स्टेशनबाहेर भाजी घेऊन घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. पावणेनऊला पानं वाढली पाहिजेत, कारण त्यानंतर भूक मरते नाहीतर मोबाइलवरून काहीतरी मागवलं जातं. हाताशी दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक लोखंडी कढई, तवा आणि छोटा मिक्सर. नारळ खवायला आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणी बसणार नाही. या अटींत बसेल तेच वहीत जाणार.

आईंना (म्हणजे सासूबाईंना) सांगितलं तर त्या हसल्या. "वरण-भाताचं कोणी लिहून ठेवतं का गं?" कोणी ठेवत नाही म्हणूनच पहिलं पान वरण-भाताचं. पुरणपोळी वर्षातून दोनदा होते आणि तिच्यावर सगळे भरभरून लिहितात.

२० एप्रिल, रविवार

आधी वाटी ठरवली. घरातली आमटीची वाटी पाण्याने भरून मोजली, १५० मिलि भरली. वहीतलं सगळं माप या वाटीचं, आणि वहीबरोबर एक तशीच वाटी कांदिवलीला जाणार. चमचा म्हणजे चहाचा चमचा.

वरण : एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, अडीच वाट्या पाणी, हिंग, हळद, तेलाचे चार थेंब. तेलाने फेस आवरतो, नाहीतर शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा पुसत बसावा लागतो. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. वाफ आपोआप जिरू द्यायची.

भाचीची तक्रार अशी की डाळ कणीदार राहते. खोदून विचारलं तर ती टोमॅटो डाळीबरोबरच कुकरात टाकते. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायचं नाव घेत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सुटत नाही, एवढंच त्याचं शास्त्र. चिंच, आमसूल, टोमॅटो जे काय असेल ते डाळ घोटून झाल्यावर. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर तेही एक कारण, जड पाण्यात डाळ वेळ घेते. हे पानाच्या वरच्या बाजूला लाल पेनाने लिहिलं.

डाळ दीड वाटी लावायची म्हणजे दुसऱ्या दिवसाचंही भागतं. पहिल्या दिवशी साधं वरण, वर तूप आणि लिंबू. उरलेलं घोटलेलं वरण फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याची आमटी : फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, एक चमचा गोडा मसाला, अर्धा चमचा तिखट. मग वरण, दोन वाट्या गरम पाणी, तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. सात-आठ मिनिटं चांगली उकळी. उकळी कमी पडली तर गोडा मसाला वरवर लागतो, आमटीत मुरत नाही. कुकर दुसऱ्या दिवशी फक्त भाताला लागतो.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आईंना घेऊन लालबागला मसाल्यासाठी. आम्ही परळला राहतो, त्यामुळे चालतच. या दिवसांत मिरची गल्लीत शिरायच्या आधीच नाकाला कळतं. प्रत्येक जण रुमाल बांधून, तरी शिंकतोय.

मिरची आईंनी हातात मोडून पाहिली. मोडताना वाजली पाहिजे, वाकली तर ओल आहे. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. निम्म्याहून जास्त बेडगी घेतली, कारण भाचीच्या घरात एक जण गुजराती आहे आणि तिखटाला बिचकते. धणे, बडीशेप, खसखस, दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल, हळकुंड, खडा हिंग. खडा मसाला तिथेच कढईत थोड्या तेलावर परतून देतात, मग मिरचीसकट डंकावर.

डंकापाशी उभं राहून पाहण्यासारखं आहे. लोखंडी मुसळं आळीपाळीने वर जातात आणि आदळतात, आणि समोर बसलेला माणूस दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात बाजूला उडालेला मसाला पुन्हा उखळात लोटतो. नजर दुसरीकडे, शेजारच्या दुकानदाराशी गप्पा चालू. चाळून आलेला जाडसर भाग परत आत. आई शेवटची चाळणी होईपर्यंत हलल्या नाहीत. "आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर," हे त्यांचं जुनं मत, आणि मला ते पटतं.

वहीसाठी निर्णय : मसाले दोनच. हा लाल मसाला आणि गोडा मसाला. कोरड्या काचेच्या बरणीत, वर हिंगाचे खडे. रोजच्या वापराचा वेगळ्या छोट्या डब्यात, म्हणजे मोठी बरणी सारखी उघडली जाणार नाही.

परतताना खानावळीचा विषय निघाला. आईंची आई काळाचौकीच्या चाळीत खानावळ चालवायची. गिरणीतली वीसेक माणसं पाळीप्रमाणे जेवायला यायची. किराणा उधारीवर, पगाराला हिशेब. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, माणसं गावी गेली आणि खानावळ बसली. येणी राहिली ती राहिलीच.

मी विचारलं, एवढ्या माणसांचं एका खोलीत कसं उरकायचं? आई म्हणाल्या, "उरकायचं काय त्यात? निम्मं काम आदल्या रात्री झालेलं असायचं."

वहीत आत्तापर्यंत फक्त पदार्थ आहेत. आदली रात्र कुठेच नाही.

४ मे, रविवार

आईंकडून खानावळीचा आठवडा उतरवून घेतला. सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे किंवा सुकं. मंगळवारी मटकी ठरलेली. काय करायचं हा प्रश्न रोज नव्याने सोडवायचा नाही, तो वर्षातून एकदाच सुटलेला. नोकरी करणाऱ्या बाईचा निम्मा शीण या प्रश्नाचा असतो, चुलीपाशी उभं राहण्याचा नव्हे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

त्यामुळे मटकीचं पान उलटीकडून लिहिलं. मंगळवारी उसळ हवी तर रविवारी रात्री मटकी भिजत. सोमवारी सकाळी डबा भरताना उपसून ओल्या फडक्यात बांधून चाळणीत, खाली ताटली. सोमवारी रात्री एकदा फडक्यासकट पाण्याखाली धरायची. मुंबईच्या दमट हवेत हे चुकवलं तर मोड येतात पण वासही येतो. मूग याहून लवकर, मे महिन्यात सकाळी बांधलेल्या मुगाला संध्याकाळी मोड. मोड आलेलं कडधान्य डब्यात घालून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज राहतं.

उसळ : तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की दोन वाट्या मोडाची मटकी, एक चमचा लाल मसाला, वाटीभर पाणी. झाकणाऐवजी खोलगट ताटली आणि ताटलीत पाणी. आतलं आटलं की वरचं गरम झालेलं पाणीच आत ओतायचं, गार पाणी घातलं तर उकळी मोडते आणि मटकी दडदडीत राहते. पंधरा मिनिटांत बोटाने दाबली जाते. मग मीठ, गूळ, दोन आमसुलं. मटकीला कुकर नको, तिचा लगदा होतो.

११ मे, रविवार

आजचं काम भागाकाराचं. आईंच्या डोक्यातली सगळी प्रमाणं वीस माणसांची आहेत. "दोन शेर डाळ" वगैरे सोडून देऊ, पण फोडणीला पळीभर तेल, मूठभर तिखट, हे चार माणसांवर आणायचं तर सरळ पाचाने भागून जमत नाही.

तेल पाहा. त्यांची पळी साधारण ३० मिलिची. पाचाने भागलं तर सहा मिलि, म्हणजे जेमतेम चमचा. कढईच्या तळाला तो पसरून जातो, मोहरी तेलात बुडतच नाही, अर्धी करपते आणि अर्धी कच्ची दाताखाली येते. तेव्हा एकतर फोडणी छोट्या कढल्यात करून वरून ओतायची, नाहीतर कढईत तीन चमचे तेल घ्यायचंच. कमी तेलाचा आग्रह असेल तर कढलं घ्या, फोडणीत काटकसर नको.

पाण्याचंही तसंच. मोठ्या पातेल्यात वीस माणसांची आमटी सावकाश आटते, लहान भांड्यातली बघता बघता दाट होते. भागून येईल त्यापेक्षा अर्धी वाटी जास्त घातलं की बरोबर बसतं. तिखट-मसाला पाचवा हिस्सा ठीक. उकळीची मिनिटं मात्र भागायची नाहीत, आठ ती आठच.

फोडणीचा क्रम वेगळ्या चौकटीत : तेल तापलं की मोहरी, ती तडतडून थांबली की जिरं, मग गॅस बारीक, हिंग, हळद, कढीपत्ता, आणि लगेच कांदा किंवा भाजी. हळद आणि तिखट तापल्या तेलात एकटी ठेवली की काळी पडतात. आईंना ही चौकट अनावश्यक वाटली. भाचीला विचारलं, ती म्हणाली हेच तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

१६ मे, शुक्रवार

भाज्या एका पानात. भेंडी धुवून, पुसून, कोरडी करून मगच चिरायची. झाकण नाही, दोन आमसुलं घातली की तार जाते, मीठ शेवटी. दुधीला पाणी घालायचं नाही, मिठाने सुटतं तेवढं पुरतं. गवारीला ओवा, गूळ आणि दाण्याचं कूट. कोबीत मूठभर भिजलेली चणाडाळ. फरसबी, तोंडली बारीक चिरली तर वेळेत होतात, लांब चिरली तर नाही. पडवळ कोणाच्या घरात चालतं ते आधी विचारून घ्यावं.

दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं-लसूण चटणी रविवारी करून ठेवायची. तोंडी लावणं तयार असलं की भाजी एकच पुरते.

२७ मे, मंगळवार

काल मे महिन्यातच पाऊस आला आणि पहिल्याच दिवशी मुंबईची दाणादाण. भाची घरी पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. फोनवर एवढंच म्हणाली, "मामी, वहीत दहा वाजताचं काही नाहीये."

बरोबर आहे तिचं. आज नवं पान, वीस मिनिटांचं. एकही गोष्ट भिजवलेली नको, भाजी आणलेली नको.

पिठलं : एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात. बेसन सगळ्या पाण्यात एकदम घालायचं नाही. आधी एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून सरसरीत करायचं. उरलेलं दोन वाट्या पाणी फोडणीत (मोहरी, जिरं, हिंग, हळद, सहा लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, असला तर कांदा) उकळायचं, मीठ त्यातच, आणि खळखळत्या पाण्यावर बेसनाची धार धरत दुसऱ्या हाताने ढवळायचं. बारीक गॅस, झाकण, पाच मिनिटं. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि कडेने सुटायला लागलं की झालं. भाताबरोबर हवं तर पाणी चार वाट्या. भाकरी नसली तर पावाबरोबर खावं, त्यात कमीपणा काही नाही.

खिचडी : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, कुकर, तीन शिट्ट्या. फोडणी कुकरातच. वर तूप, पापड तव्यावर. आणि अगदीच त्राण नसेल तर मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं. हे शेवटचं लिहिताना आई म्हणाल्या, "हे काय आजाऱ्याचं?" आपण सगळे आठवड्यातून एकदा आजारी असल्यासारखेच घरी येतो, असं मी म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही.

८ जून, रविवार

१ तारखेपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद आहे. ताजं महाग आणि शिळं, त्यामुळे घरात सुक्याचे दिवस. आईंनी जवळा काढला. कोरड्या तव्यावर खमंग भाजायचा, मग चाळायचा आणि दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, कारण तळाला वाळू निघतेच. कढईत भरपूर कांदा, लसूण, दीड चमचा लाल मसाला, जवळा, चार आमसुलं, अगदी थोडं पाणी. मीठ चाखून, जवळा मुळात खारट. पंधरा मिनिटांत होतो, महिनोन्‌महिने टिकतो, प्रथिनं भरपूर. रोजच्या जेवणाच्या सगळ्या अटींत पहिला नंबर.

अडचण दुसरीच. भाचीच्या घरमालकाने घर देताना मासे-मटण शिजवायचं नाही असं बजावलं आहे. मुंबईत मुंबईकरालाच जवळा भाजायला परवानगी लागते, त्यावर काय बोलणार. मी पान काढून टाकत होते. आईंनी ठेवायला लावलं. "घर बदलेल, वही राहील."

बाजारच्या पिशवीत आज शेवळं ही रानभाजीही आली होती. बाजारात आदिवासी बायका वाटे लावून बसतात, बरोबर काकडं (छोटी आंबट रानफळं) देतात. काकड घातला नाही तर घशाला खाज सुटते. निवडायचं, चिरायचं, परतायचं, काकडाचा रस काढायचा. तास-दीड तास सहज. चव अशी की वर्षभर वाट पाहावी, पण वहीत नाही. वर्षातून एकदा मामीकडे येऊन खायची. टाकळा आणि कुर्डू मात्र घेतले, ते कुठल्याही पालेभाजीसारखे कांद्यावर परतून दहा मिनिटांत होतात. टाकळा कोवळाच हवा.

२२ जून, रविवार

आज वही फोडून पुन्हा लावली. पदार्थांच्या नावाने असलेली पानं काढली आणि घड्याळाप्रमाणे चार भाग केले : रविवारी, आदल्या रात्री, आठ वाजता, दहा वाजता. प्रत्येक पदार्थाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात आधी काय केलेलं असायला हवं ते. काही नको असेल तर कोपरा कोरा.

आठ वाजताचं एक पान असं दिसतं. आमटी-भात आणि भेंडीचा दिवस. घरात शिरताच तांदूळ धुवून ठेवायचे, मग हात-पाय धुवायचे. तेवढ्यात तांदूळ थोडे भिजतात. भेंडी आल्या आल्या धुवून फडक्यावर पसरायची. कुकर एका बर्नरवर. दुसऱ्यावर आमटी, उकळत असताना भेंडी चिरायची. कुकर उतरला की त्या बर्नरवर भेंडीची कढई. भेंडी होईपर्यंत वाफ जिरलेली असते. कोण काय करतंय तेही लिहिलं, तिघी आहेत, एकीने दाराजवळ फोनवर बोलत उभं राहायचं नाही.

खानावळीत हे सगळं आईंच्या आईच्या अंगवळणी पडलेलं होतं. आई आजही कुकरची शिट्टी झाली की न बघता मागे हात करून गॅस बारीक करतात. ते काही लिहून शिकवता येत नाही, पण आधी तांदूळ की आधी भेंडी, एवढं येतं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. उपासाचं पान एकच, कारण तिघींपैकी दोघी वर्षातून दोन-तीनच उपास करतात. साबुदाणा दोनदा धुवून, दाण्यांच्या वर जेमतेम दिसेल इतकंच पाणी ठेवून रात्रभर झाकून. सकाळी दाणा बोटाने चेपला गेला पाहिजे पण मोकळा. पावसाळ्यात पाणी आणखी थोडं कमी. कूट साबुदाण्याला आधीच चोळून घ्यायचं, मग तुपात जिरं, मिरची, बटाटा आणि वरून साबुदाणा. फार परतत बसलं की चिवट होतो.

भगर लिहायची राहिली. तिला एवढं लिहिण्यासारखं नाही, तांदळापेक्षा पाणी जास्त लागतं आणि बुडाला लागते.

२० जुलै, रविवार

भाची येऊन गेली. वहीची तिची प्रत पाहिली. मटकीच्या पानावर हळदीचा हात, पिठल्याच्या पानाला तेल. भाज्यांचं पान स्वच्छ. म्हणजे भाज्या त्या आपल्या मनाने करतात, किंवा करत नाहीत. विचारलं नाही.

तिचा एक प्रश्न मोठा होता. पोळ्या. तिघींपैकी कोणालाच नीट येत नाहीत, इमारतीखालच्या पोळीभाजी केंद्रातून आणतात. वहीत पोळी घालायची का? आईंचं म्हणणं, पोळी न येणाऱ्या मुलीला वही कशाला. माझं म्हणणं, आठ ते पावणेनऊच्या वेळात कणीक मळून बारा पोळ्या लाटणं बसत नाही, आणि केंद्रात पोळ्या लाटणारीलाही घर चालवायचं आहे. आईंच्या आईकडेही गिरणीतली माणसं विकतचंच जेवत होती. हे ऐकून आई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, निदान थालीपीठ घाल. भाजणी विकत मिळते, लाटायचं नसतं, थापायचं असतं. मान्य. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटायचं, मध्ये भोक, भोकात तेल, झाकण. दहा वाजताच्या भागात.

बाकी कामं : २५ पासून श्रावण, तेव्हा कांदा-लसणाशिवाय पिठलं आणि उसळ यांना काय लागतं ते आईंकडून उतरवायचं. अळूच्या फतफत्याचं पान शनिवारच्या यादीत हलवायचं, अळू चिरताना हाताला चिंच किंवा तेल लावायची सूचना ठळक करायची. वालाचं बिरडं आई रोजच्यात घाला म्हणतात, मी नाही म्हणते. दोन रात्री मोड आणि मग एकेक वाल सोलणं, कामाच्या दिवशी कोण करणार? तोडगा निघाला तो भाचीकडून : रविवारी तिघी मिळून सीरियल बघत सोलतील आणि फ्रिजरला टाकतील. घातलं. झेरॉक्स उद्या, स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिक.